सोलापुरात घरची भाजी: जून कोरडा, सप्टेंबर बुडवणारा, मग लावायचं कधी?

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. होटगी रस्त्याच्या बाजूला दोन गुंठे जागा आहे. माती काळी, दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो. बोअर आहे, पण एप्रिलपासून भाजीला दिवसाला दोनशे लिटरच्या वर पाणी देता येत नाही. त्यातही पाणी जड, वाफ्यावर पांढरा थर चढतो. खाणारी पाच माणसं.

मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, मेथी, कोथिंबीर एकदम टाकली की जुलैत करपते. सप्टेंबरात मिरची-टोमॅटो लावले की हस्ताच्या पावसात मुळ्या कुजतात. अंदाज बघूनही मेळ बसत नाही. अशा लहरी पावसात दोन गुंठ्यांत काय, कधी आणि कसं लावावं? शिवाय पावसाळ्यात बांधावर जे आपोआप उगवतं त्यातलं खाण्याजोगं कोणतं? आमच्या घरात तांदुळजा सोडून कुणाला काही ओळखता येत नाही.

कोरडवाहू
दादा, तुम्ही वर्ष जूनपासून मोजताय, गडबड तिथेच आहे. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा महिना सप्टेंबर. जूनमध्ये दोन-तीन सडाके येतात, जुलैत ढग असतात, वारा असतो, पाऊस नसतो. म्हणून तर इथली जुनी शेती रब्बीची. खरिपात रान नांगरून-कुळवून ओल मुरवायची आणि उत्तरा-हस्तावर जोंधळा पेरायचा. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३३ पासून संशोधन चालू आहे, त्याचा मोठा भर पडलेला पाऊस जिथल्या तिथे मुरवण्यावर आहे.

आता हिशेब बघा. दीड फूट काळी माती पूर्ण भिजली की पिकाला उचलता येईल असं साधारण ८० मिलिमीटर पाणी तिच्यात राहतं. पावसाळी दिवसांत भाजीचं पीक रोज ४ मिलिमीटरच्या आसपास पितं. म्हणजे माती पोटभर भिजलेली असेल तर वीस दिवसांची उघडीप सहज निघते. तेच २० मिलिमीटरच्या सडाक्यावर पेरलं तर हाताशी पाच दिवसांचं पाणी. बी उगवतं, दोन पानांवर येतं आणि मुळी खालच्या कोरड्या थराला टेकते. रोप करपतं ते तिथे. उघडीप दरवर्षीच पडते, ती झेलायला माती आधी भरलेली पाहिजे.

त्यामुळे तारीख सोडा, ओल मोजा. ८ मिलिमीटरचा लोखंडी गज घ्या आणि पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी वाफ्यात हाताने दाबा. ओल्या मातीत तो सरळ जातो, कोरडा थर लागला की अडतो. फूटभर गेला तर पेरा. चार बोटांवर अडला तर पेरू नका, मग मृग असो की आर्द्रा. जोडीला सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने मोजून लिहा. आठवड्या-दहा दिवसांत ७५ ते १०० मिलिमीटर झाला की खरिपाची भाजी पेरायला हरकत नाही. वापसा (पेरणीजोगी ओल) मात्र बघा: वीतभर खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वापसा आला. तसाच चपटा बसला तर अजून दोन दिवस थांबा, कारण चिखलात पेरलेल्या बियावर पापडी धरते आणि कोंब वर येत नाही.

दुसरं, सगळं बी एकदम टाकायचं नाही. प्रत्येक बियाचे तीन वाटे करा. पहिला वाटा वर सांगितलेल्या पावसावर, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा डब्यात. तिसरा वाटा श्रावणापर्यंत हलवायचा नाही. पहिले दोन जगले तर तो पुढच्या वर्षीचं बी.

भेंडी-गवारीचं बी रात्रभर भिजवून पेरतात, ते पाणी हाताशी असतानाच. पावसाच्या भरवशावर असाल तर कोरडंच पेरा. भिजलेल्या बियात कोंब हलायला लागलेला असतो, माती वाळली की ते तिथेच मरतं. कोरडं बी मात्र पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतं.

काय लावायचं: जून-जुलैत गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा आणि थोडी भेंडी. गवारीचं सोटमूळ खोल जातं, तीन आठवडे पाणी नसलं तरी ती मान टाकत नाही. ३ बाय १० फुटांच्या वाफ्यात गवारीच्या दोन ओळी, ओळीत वीतभर अंतर, ठिकाणी दोन बिया. भेंडीच्या दोन ओळी, फुटावर एक ठिकाण, म्हणजे वाफ्याला वीस झाडं. पाच माणसांना भेंडीचे दोन वाफे पुरतात, पण ते पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेले हवेत. मेथी आणि कोथिंबीर जूनमध्ये टाकूच नका. एक सडाका जोरात आला की रोपं मातीला चिकटून सडतात, उघडीप पडली की कोथिंबीर फुलावर जाते. त्या दोन्ही सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या.

जुलै मध्यापर्यंत गज फूटभर गेलाच नाही, तर मूग-उडीद विसरा. हुलगा आणि मटकी टाका. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ती चालतात, आणि डाळ-उसळीची सोय होते. हुलग्यासारखं चिवट पीक आपल्याकडे दुसरं नाही, त्याला लोक उगाच गरिबाचं धान्य म्हणून नाक मुरडतात.

सरी_वरंबा
कोरडवाहूंनी वेळ सांगितली, मी जागेचं सांगतो. सप्टेंबरात मुळ्या कुजतात त्याचं कारण पाऊस जास्त हे अर्धंच. काळी माती फुगते, तिच्यातली हवेची भोकं बुजतात आणि पाणी खाली उतरायला दोन-दोन दिवस लागतात. टोमॅटो-मिरचीच्या मुळीला तेवढा वेळ हवा मिळाली नाही की ती काळी पडते. मग वर उन्हात पान कोमेजतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी पाणी देतो.

सपाट वाफा इथे दोन्ही बाजूंनी मारतो. उंच गादीवाफा पावसात चांगला, पण जुलैच्या उघडिपीत आणि वाऱ्यात सगळ्यात आधी तोच वाळतो. उन्हाळ्यात खोल वाफा चांगला, पण सप्टेंबरात त्याचं तळं होतं. यातला मधला मार्ग म्हणजे सरी-वरंबा आणि रोप वरंब्याच्या बगलेत. वरंबा तळाशी अडीच फूट, उंची ८ ते ९ इंच, सरी सव्वा फूट. रोप माथ्यावर नाही, सरीतही नाही, उताराच्या बरोबर मध्यावर. पाणी कमी असेल तेव्हा सरीतून अर्ध्या उंचीपर्यंत ओल चढते आणि रोपाला पोचते. मुसळधार झाली तर सरी भरते, पण मुळीचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. सरी उताराला आडवी काढा, पण शंभर फुटांना तीन-चार इंचांचा ढाळ ठेवा. सरीचं टोक मातीच्या बांधाने बंद ठेवायचं आणि मोठा पाऊस आला की फावड्याने फोडायचं. दोन गुंठ्याला चार मिनिटांचं काम आहे. पाऊस रात्रीच येतो ही त्यातली अडचण, म्हणून हस्त लागला की संध्याकाळीच फोडून ठेवा. २०२० च्या ऑक्टोबरात आणि २०२५ च्या सप्टेंबरात जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली ती बघता हस्तात टोक बंद ठेवण्यात शहाणपण नाही.

पाणी साचलंच तर निचरा झाल्यावर पहिलं काम खुरप्याने वरची पापडी फोडणं. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम, झाडाला अर्धा लिटर, बुंध्याशी. किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लिटरला ५ ग्रॅम. दोन्ही एकदम नाही, तांब्याचं औषध ट्रायकोडर्मालाही मारतं. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. या काळात युरिया अजिबात नको, जखमी मुळीला तो पेलत नाही.

टोमॅटो-मिरचीची रोपं ऑगस्टच्या मध्यावर ट्रेमध्ये, आडोशाला करा. टोमॅटोला २५ ते ३० दिवस लागतात, मिरचीला ४० च्या आसपास. म्हणजे रोप तयार असताना पावसाचा अंदाज बघून पंधरा दिवस पुढे-मागे करता येतं. थेट जागेवर पेरलेल्या बियाला ही सोय नाही. ट्रेतली रोपं उंच व्हायला लागली तर पाणी तोडा, शेंडा खुडू नका.

आता उन्हाळा. मे महिन्यात जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला ६ ते ७ मिलिमीटर पाणी जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ३ बाय १० चा वाफा पावणेतीन चौरस मीटर भरतो, त्याला रोज १७ ते २० लिटर लागणार. तुमच्या दोनशे लिटरमध्ये दहा वाफे, गळती धरून आठ. दोन गुंठ्यांत वाटा सोडून चाळीस वाफे बसतील, पण मार्चनंतर आठच जिवंत ठेवा आणि बाकीची जमीन नांगरून तापू द्या. सगळीकडे थोडं-थोडं पाणी शिंपडणं म्हणजे चाळीस वाफे अर्धमेले करणं. त्या आठ वाफ्यांवर ५० टक्क्यांची शेडनेट, जमिनीपासून सात फूट, पश्चिमेच्या बाजूने खाली जमिनीपर्यंत सोडलेली, कारण आपल्याकडे दुपारी तीन ते पाचचं ऊन झाड मारतं. टोमॅटो त्यातही फळ धरणार नाही. दिवसाचं तापमान चाळिशीत आणि रात्री उकाडा असला की फूल गळतंच, त्याला कुठलंही टॉनिक मारू नका. उन्हाळा तांदुळजा, गवार, चवळी आणि दोडक्याचा.

होटगी_रोड
बगलेतल्या रोपाचं पटलं. दोन शंका. एक, उसाचं पाचट फुकट मिळतं, ते आच्छादन म्हणून घालू का? दोन, त्या पांढऱ्या थराचं काय करू? कुणी सांगतं राख टाका, कुणी म्हणतं चुना.

सरी_वरंबा
राख नको, चुना तर मुळीच नको. आपली माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार वर येऊन साचलेत. त्याला औषध म्हणजे गोडं पाणी आणि निचरा. पत्र्याचं किंवा स्लॅबचं पाणी वाफ्याकडे वळवा. ५०० चौरस फुटांच्या छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरून साडेसातशे लिटरच्या जवळ पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं सोडून द्या, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. घरातल्या आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घालू नका, त्यात बोअरपेक्षा जास्त क्षार असतात. थर काळपट, तेलकट दिसायला लागला तर गोष्ट वेगळी, तिथे जिप्सम लागतं. पण ते माती तपासून, अंदाजाने नाही. कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या आणि त्यात सामू व क्षारता हे दोन आकडे बघा. तोवर क्षार सोसणाऱ्या भाज्या त्या कोपऱ्यात: पालक, बीट, चाकवत, करडई. घेवडा, गाजर आणि कांदा तिथे नको.

पाचट घाला, पण ऑक्टोबर ते मे. तीन बोटं जाड, बुंध्यापासून चार बोटं लांब. कोरडं पाचट थेट टाकलं तर खाली वाळवी लागते, म्हणून टाकायच्या आधी शेणकाल्यात बुडवून घ्या. पाचट कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, पानं फिकट पडली तर दहा दिवसांतून एकदा गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून द्या.

कोरडवाहू
पावसाळ्यात आच्छादन काढा असं मी ठामपणे सांगेन. भिजट पाचटाखाली गोगलगायी दिवसभर लपतात आणि रात्री रोपं जमिनीलगत कापतात. आल्याच तर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याकडेला टाका, सकाळी उलटून गोळा करा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला.

पावसाळ्यात आच्छादनाचं काम कोळपं (वरची माती हलवायचं अवजार) करतं. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात ते उगाच नाही. काळ्या मातीला भेग पडली की त्या भेगेतून खालची ओल उडते आणि मुळ्या तुटतात. उघडीप पडून आठवडा झाला की भेग दिसायच्या आधीच दोन बोटं खोल कोळपून वर भुसभुशीत थर करा. भेग पडल्यावर कोळपून निम्माच फायदा.

बांधावरची
भाऊ, रानभाज्यांचं मी सांगते. चित्र बघून ओळखू नका. खुरपणीला येणाऱ्या बायकांना सोबत घ्या. त्यांना रोप दोन पानांचं असतानाच ओळखता येतं, आणि खरी मऊ भाजी तेव्हाचीच असते. पेरलेलं वाळलं तरी ही उगवतात, कारण यांचं बी मातीत पडूनच असतं आणि सगळं एकदम उगवत नाही. कोरडवाहूंनी तीन वाटे सांगितले, ते ही रोपं स्वतःच करतात.

पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-बारा दिवसांत तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा आणि केना दिसायला लागतात. टाकळा आणि कुर्डू फुलावर यायच्या आत. एकदा कुर्डूला गुलाबी-पांढरा तुरा आला की पान चोथट होतं.

घोळ आणि चिघळ (कुणी चिवळ म्हणतात) दोन्ही मांसल, मोडलं की कट्कन तुटतात आणि पाणी सुटतं, दूध नाही. घोळीचं पान चमच्यासारखं रुंद, चिघळीचं बारीक. ड्रिपखाली घोळ उन्हाळ्यातही मिळते. हिच्याशेजारीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी असते, देठ बारीक आणि लवदार, पानं जोडीजोडीने, मोडलं की पांढरं दूध. ती टाकायची. पण दूध म्हणजे विष हा नियम सरसकट लावू नका, कारण पाथरीलाही दूध असतं आणि ती खायची. पाथरी जमिनीलगत चक्रासारखी बसते, पानाची कड दातेरी, फूल पिवळं. ओलसर बांधावर हिवाळ्यातही मिळते. थोडी कडवट असते, कच्ची कांदा-तिखटासोबत भाकरीबरोबर खातात.

टाकळ्यात घोटाळा होतो तो कासविंद्याशी. टाकळ्याच्या पानात बहुधा तीन जोड्या, टोक गोल, शेंग बारीक आणि वीतभर वाकलेली. कासविंद्याची पानं जास्त जोड्यांची, टोकदार, शेंग चपटसर आणि आखूड. कासविंद्याचं बी विषारी आहे, लहान मुलांना फार धोका. मुलांना शेंगा खेळायलाही देऊ नका.

सगळ्यात जास्त भीती धोत्र्याच्या रोपाची. भाजी खसाखस कापून आणली की तांदुळज्यात एखादं धोत्र्याचं कोवळं रोप येतं आणि निवडताना कळत नाही. तांदुळज्याच्या पानाच्या टोकाला बारीक खाच असते. धोत्र्याचं पान वेडंवाकडं कातरलेलं, चुरगाळलं की उग्र वास. म्हणून विळ्याने कापायचं नाही, एक-एक रोप खुडायचं. खाल्ल्यावर तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, बरळणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट दवाखाना, आणि उरलेली भाजी सोबत न्या.

कडवंची ही आपल्या काळ्या रानाची खास. जमिनीत कंद राहतो आणि पहिल्या पावसावर वेल फुटतो. फळ बोटाच्या पेराएवढं, उभ्या शिरांचं. नखाने दाबून बघा, बी मऊ असेल तोवर तोडा. उभी चिरा, निबर बी काढा, मीठ लावून पंधरा मिनिटांनी पिळा, मग भरपूर कांदा आणि शेंगदाण्याचं कूट घालून परता. जास्त मिळाली तर चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, वर्षभर तळून खाता येते. कंद उपटायचा नाही आणि खायचाही नाही. तुमच्या जागेत एखादा वेल दिसला तर तेवढी जमीन नांगरायची सोडा. खोल नांगरट आणि तणनाशक या दोन्हींनी ती कमी होत चाललीय.

शेंदाडं (रानातल्या वेलाची काकडीसारखी फळं) पिकून पिवळी झाल्यावर गोड वासाची होतात. आधी जिभेच्या टोकाला लावून बघा, कडू लागलं तर थुंका. हाच नियम घरच्या दुधी भोपळ्याला आणि दोडक्यालाही. पाण्याचा ताण बसला किंवा बी भेसळीचं असलं की कधी कधी फळ कडू निघतं, आणि ते शिजवूनही निवत नाही. मिठा-मसाल्यात दडवून खाऊ नका, उलट्या-जुलाब होतात. कलिंगडासारखं फाटलेलं पान आणि चेंडूएवढं पट्ट्यांचं गोल फळ दिसलं तर ते कडू वृंदावन, त्याला हातच लावू नका.

ज्यांना मुतखडा आहे त्यांनी घोळ, चिघळ, चुका, तांदुळजा बेतानेच. उकळून पाणी फेकलं की खड्याचा क्षार (ऑक्झलेट) बराच कमी होतो. ताकातली भाजी करण्यातही तोच फायदा, ताकातला चुना त्याला बांधतो.

पूर्व_भाग
ताईंच्या यादीत झाडपाला राहिला. पाऊस पडो न पडो, झाडं देतात. फाल्गुन-चैत्रात चिंचेला कोवळी लालसर पालवी फुटते, आमच्या पूर्व भागात (सोलापूरच्या तेलुगू वस्तीत) तिला चिंतचिगुरु म्हणतात. वरणात मूठभर घातली की चिंच वेगळी लागत नाही. अंबाडी एकदा लावली की खुडत राहायची. अक्कलकोटच्या बाजारात पुंडी म्हणाल तर तीच, आमच्याकडे गोंगुरा. २० ग्रॅम बी एका वाफ्याला भरपूर होतं, आणि कडेला पाच झाडं बियाला सोडा.

दोन गुंठ्यांत शेवग्याची दोन झाडं लावाच. फांदी लावण्यापेक्षा बी लावा, बियाचं झाड सोटमूळ खोल सोडतं आणि वाऱ्यात पडत नाही. चार फूट झालं की शेंडा मारा, नाहीतर शेंगा शिडीवरून काढाव्या लागतील. पाणी साचू देऊ नका, उन्हाने शेवगा मरत नाही, चिखलाने मरतो. हादगा बांधावर एक पुरे, भाद्रपदात फुलं.

एक वेगळी सूचना. दुसऱ्याच्या बांधावरची भाजी आणताना फवारणी विचारा. तणनाशक मारल्यावर पहिले दोन-चार दिवस भाजी हिरवीगार दिसते, नंतर पिळवटते. सोयाबीन, ऊस असलेल्या रानाच्या कडेची तर त्या हंगामात नकोच. नाल्याकाठची, हमरस्त्याची, पुराचं पाणी येऊन गेलेल्या रानातली कच्ची खाऊ नका. युरिया टाकून आठवडा झाला नसेल, किंवा मोठ्या उघडिपीनंतर पहिला पाऊस पडून दोनच दिवस झाले असतील, तर तांदुळजा खुडू नका, तेव्हा पानात नायट्रेट साचलेलं असतं. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात भाजी किंवा बोरं गोळा करायला जाऊ नका, ते संरक्षित क्षेत्र आहे.

होटगी_रोड
खूप मिळालं. शेवटचं एक. अर्ध्या गुंठ्यात ज्वारी आणि अर्ध्यात हरभरा असा विचार करतोय, भाजी आणि हुरडा दोन्हीसाठी. बी किती, आणि पेरणी कधी?

मंगळवेढेकर
अर्ध्या गुंठ्याला ज्वारीचं ५० ग्रॅम बी पुरतं. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात, गज फूटभर गेल्यावर. त्याआधी पेरली की खोडमाशी पोंगा (मधला कोंब) मारते, नंतर पेरली की कणसात दाणा भरायच्या वेळी ओल संपते. ओळीत दीड फूट, रोपात पाच-सहा इंच, आणि पंधरा दिवसांनी विरळणी करायचीच. दाट ज्वारी सगळी ओल पानातच संपवते. तुमची जमीन दीड-दोन फुटांची, म्हणजे मध्यम. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ किंवा फुले सुचित्रा चालेल. फूटभरच माती असेल तिथे फुले अनुराधा. हुरडाच करायचा असेल तर गुळभेंडीच्या दोन ओळी वेगळ्या लावा आणि पाखरांची राखण करायची तयारी ठेवा, शहराजवळच्या एकट्या तुकड्यावर सगळ्या परिसरातली पाखरं उतरतात.

हरभऱ्याचं बी ३५० ते ४०० ग्रॅम, विजय किंवा दिग्विजय. ओळीत फूट, रोपात चार इंच. पेरण्याआधी ट्रायकोडर्मा चोळा (किलोला ५ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दोन ग्रॅम), वाळल्यावर रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारं जिवाणू खत). भाजीसाठी शेंडे २५ ते ३० दिवसांनी खुडा, एकदा, फार तर दोनदा. फांद्या वाढतात. फूल दिसल्यावर खुडलं तर घाटे गेले. खुडलेले शेंडे सावलीत तीन-चार दिवस वाळवून डब्यात भरले तर उन्हाळ्यात रोजची भाजी निघते. हरभऱ्याला पाणी द्यायचंच तर फूल यायच्या आधी एक, घाटे भरताना एक. फुलात पाणी दिलं की वाढच वाढ होते.

जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, त्याची तजवीज म्हणून ताडपत्री आधीच आणून ठेवा. कापलेली कणसं भिजली तर ढीग करू नका, पातळ पसरा, दाणा काळा पडतो तो ढिगातल्या उबेने. साठवायची ज्वारी दाताखाली कट्कन फुटली पाहिजे. चपटी झाली तर अजून दोन दिवस ऊन द्या, मग वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून बंद कणगीत किंवा पत्र्याच्या डब्यात.

त्या तिसऱ्या वाट्याच्या बियाबद्दल: पेरायच्या आठवडाभर आधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं रोज ओलं ठेवा. पाच-सहा दिवसांत सोळा उगवल्या तर नेहमीसारखं पेरा. बाराच उगवल्या तर ठिकाणी दोनाऐवजी तीन टाका. दहाच्या खाली असेल तर ते बी पाखरांना घाला आणि नवीन आणा.